सतरावा सेक्टर : लिनक्सची डिस्क नीट लिहिण्याविषयी

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात लिनक्स वापरून बघायला घेतलेली आणि मग सोडून दिलेली माणसं पुष्कळ भेटतात. का सोडलं असं विचारलं, तर वापरायला अवघड गेलं असं म्हणणारे थोडे. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, इन्स्टॉलच झालं नाही. सीडी लावली, मशीन सुरू केलं आणि पुन्हा विंडोजच आलं. कुणाचं निम्म्यापर्यंत जाऊन अडकलं, तर कुणाच्या काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या आणि सगळं तिथेच थांबलं. दोष लिनक्सच्या नावावर जमा झाला. माझं ठाम मत असं, की यातल्या बऱ्याच प्रकरणांत लिनक्सवर येण्याची वेळसुद्धा आलेली नव्हती. बिघडलं होतं ते त्याच्या आधीचं पाऊल, म्हणजे उतरवून घेतलेली आयएसओ फाइल कोऱ्या सीडीवर, पुढे डीव्हीडीवर आणि आता पेन ड्राइव्हवर लिहिण्याचं काम. हे काम पाच-दहा मिनिटांचं आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे कुणी नीट बघत नाही. गेल्या वीस-बावीस वर्षांत आपल्याकडे ते कसं होत आलं, कुठे फसलं आणि आज कसं करावं, याचा हा आढावा.

आधी आयएसओ फाइल म्हणजे काय ते स्पष्ट हवं, कारण निम्म्या चुका इथूनच निघतात. एका अख्ख्या डिस्कवर पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जे जिथे असायला हवं, ते त्याच क्रमाने उतरवून घेतलेली नक्कल म्हणजे ही फाइल. सीडीवरची माहिती २०४८ बाइटच्या सेक्टरांमध्ये मांडलेली असते. १९८८ साली ठरलेल्या आयएसओ ९६६० या मानकाने त्या सेक्टरांना क्रम आणि कामं नेमून दिली. शून्य ते पंधरा हे सोळा सेक्टर मोकळे सोडायचे. सोळा क्रमांकाच्या सेक्टरवर डिस्कची ओळख आणि अनुक्रमणिकेचा पत्ता. १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी त्याला 'एल टोरिटो' नावाची पुरवणी जोडली आणि सीडीवरून संगणक थेट सुरू करता येऊ लागला. तिचा नियम असा : मशीन सुरू होताना बायॉस हे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर सतरा क्रमांकाचा सेक्टर वाचतं. तिथे बूट-नोंद असली तर तिच्या आधाराने पुढे जातं, नसली तर डिस्क सोडून हार्ड डिस्ककडे वळतं. चाळीत पत्र घेऊन आलेला पोस्टमन सतरा नंबरच्या खोलीचं दार ठोठावतो, तिथे कुणी नसेल तर मजल्यामजल्यावर हाका मारत फिरत नाही, तसं.

आता २००५-०६ साली डोंबिवलीतल्या एखाद्या घरात, विंडोज एक्सपीच्या पीसीवर काय होत असे ते पाहू. एक्सपीला सीडी लिहिता येत होती, पण डिस्क इमेज, म्हणजे अशी अख्खी नक्कल, लिहिण्याची सोय त्यात नव्हती. आयएसओ फाइल ओढून सीडी ड्राइव्हवर टाकली की एक्सपी ती बिनतक्रार लिहून द्यायचं आणि काम पूर्ण झाल्याचं सांगायचं. हाती यायची ती एकच मोठी फाइल असलेली साधी डेटा सीडी. बूट-नोंद त्या फाइलच्या पोटात कुठेतरी असायची, पण सतराव्या सेक्टरवर नसायची. बायॉस तिथे बघायचं आणि विंडोज सुरू करायचं. लिहिणाऱ्याला वाटायचं, सीडी तर बरोबर लिहिली, मग लिनक्समध्येच काहीतरी गडबड.

दुसरी चूक जास्त कष्टाळू माणसांची. विनरार बसवलेलं असलं की आयएसओ फाइलवर त्याचं पुस्तकांच्या थप्पीचं चित्र दिसतं आणि ती झिप फाइलसारखी उघडतेही. मग ती एक्स्ट्रॅक्ट करायची, आत दिसलेले सगळे फोल्डर निवडायचे आणि सीडीवर लिहायचे. ही सीडी बघायला अगदी खरी दिसते, सगळे फोल्डर जागच्या जागी. पण बूट-नोंद ही काही फोल्डरात दिसणारी फाइल नाही, त्यामुळे ती मागेच राहते. शिवाय लिनक्सच्या डिस्कवर 'रॉक रिज' नावाच्या पुरवणीने लांब नावं, परवानग्या आणि एका नावावरून दुसऱ्याकडे बोट दाखवणाऱ्या सिम्बॉलिक लिंका नोंदलेल्या असतात. विंडोजमधून काढून पुन्हा लिहिताना त्या गळून पडतात. अशी सीडी एखाद्या युक्तीने सुरू झालीच, तरी इन्स्टॉलर पुढे पॅकेज शोधताना अडखळतो.

खरं तर उपाय हाताशी होता. त्या काळी सीडी रायटरबरोबर बहुधा नीरो मिळायचं. नीरो एक्सप्रेसमध्ये 'डेटा डिस्क'च्या जागी 'डिस्क इमेज ऑर सेव्ह्ड प्रोजेक्ट' निवडलं की काम व्हायचं. इमेजबर्न आणि इन्फ्रारेकॉर्डर ही फुकट मिळणारी साधनंही होती. लिनक्सवर केथ्रीबी होतं. २००९ मध्ये विंडोज ७ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने इमेज लिहिण्याची सोय आतच दिली, आयएसओवर उजवं क्लिक करून 'बर्न डिस्क इमेज' म्हणायचं एवढंच. आणि लिहून झाल्यावरची पहिली परीक्षा तर अर्ध्या मिनिटाची आहे. सीडी बाहेर काढून पुन्हा आत घाला आणि उघडून बघा. एकच .आयएसओ फाइल दिसली तर चुकलं. 'कॅस्पर', 'पूल', 'बूट', 'आयसोलिनक्स' असे फोल्डर दिसले तर निदान पहिली चूक झालेली नाही. ही परीक्षा दुकानातल्या मुलाला, क्लासमधल्या सरांना, घरातल्या दादाला सांगितलेली असती, तरी त्या वर्षांतल्या कितीतरी सीड्या वाया गेल्या नसत्या.

पण लिहिण्याआधी फाइल उतरवून घ्यायची, आणि तिथे या पट्ट्याची स्वतःची गोष्ट आहे. ठाणे शहराचा फोन कोड ०२२, तिथे एमटीएनएल. कल्याण-डोंबिवलीचा ०२५१, तिथे बीएसएनएल. २००५च्या सुरुवातीला एकीकडे ट्रायबँड आणि दुसरीकडे डेटावन ही ब्रॉडबँड सेवा सुरू झाली. वेग २५६ केबीपीएस, आणि घरगुती योजनेत महिन्याला ठरावीक डेटा. सीडीएवढी फाइल दिवसा उतरवणं खिशाला परवडत नसे. बीएसएनएलच्या एका लोकप्रिय योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ डेटा मोजला जात नसे. त्यामुळे लोक गजर लावून उठायचे किंवा डाउनलोड मॅनेजरला वेळ ठरवून द्यायचे.

इथे साधा हिशेब करून पाहावा. २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ३२ हजार बाइट. सहा तासांचे २१,६०० सेकंद. वेग एक क्षणही न ढळता मिळाला, तरी रात्रीत ६९ कोटी १२ लाख बाइट येतात. ८० मिनिटांच्या कोऱ्या सीडीवर मावतात ७३ कोटी ७२ लाख ८० हजार, आणि उबुंटूसारख्या वितरणांच्या, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांच्या, इमेज ही जागा जवळजवळ पूर्ण भरतील अशाच बनवलेल्या असत. म्हणजे प्रत्यक्षात एका रात्रीत एक सीडी पूर्ण उतरत नसे. आठ वाजता फाइल शेवटच्या टप्प्यावर अडकलेली असायची, मग दुसऱ्या रात्री ती तिथून पुढे जोडायची. मध्ये लाइन तुटली, राउटर बंद पडला, सर्व्हरने पुढून सुरू करू दिलं नाही की सांधा चुकायचा. फाइलचा आकार बरोबर दिसायचा आणि आत मात्र एखादा तुकडा भलताच असायचा. अशी फाइल कितीही काळजीपूर्वक लिहिली तरी सीडी बिघडलेलीच निघणार. या बाबतीत बिटटॉरेंट सरस होतं, कारण ते फाइलचा प्रत्येक तुकडा आल्याबरोबर तपासतं आणि चुकलेला तुकडा पुन्हा मागवतं. पायरसीच्या बदनामीमुळे ते टाळणारे अनेक होते, पण लिनक्सची वितरणं स्वतःच अधिकृतपणे टॉरेंट देत होती.

उतरलेली फाइल मुळाबरहुकूम आहे की नाही, हे तपासायचा मार्ग तेव्हाही होता आणि आजही तोच आहे. संकेतस्थळावर इमेजशेजारी एक आकडा दिलेला असतो. तेव्हा तो एमडी५ पद्धतीचा, ३२ चिन्हांचा असे. आता एसएचए-२५६ पद्धतीचा, ६४ चिन्हांचा असतो. आपल्याकडच्या फाइलवर तेच गणित चालवून दोन आकडे जुळवायचे. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी आकडा पार वेगळा येतो. लिनक्सवर हे काम करणारी आज्ञा पूर्वीपासून आहे. विंडोजमध्ये आज सर्टयुटिल हे साधन आतच असतं, वेगळं काही बसवायला नको. वेळ लागतो मिनिटभर. मला या सगळ्या विषयात कुठल्या एका गोष्टीचा आग्रह धरायचा असेल तर तो हाच. इन्स्टॉल करताना आलेल्या अनाकलनीय अडचणीवर दोन-दोन रविवार घालवणारे लोक हे मिनिट मात्र देत नाहीत.

आकडा जुळला म्हणजे फाइल प्रवासात बिघडली नाही, एवढंच सिद्ध होतं. ती मुळात खरी आहे का, हा वेगळा प्रश्न. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि १७.३ आवृत्तीच्या सिनॅमन इमेजचा दुवा मागचं दार उघडं ठेवलेल्या बनावट इमेजकडे वळवला गेला. त्या दिवशी ज्यांनी ती उतरवली, त्यांना हव्या त्या गोष्टीबरोबर घुसखोरही मिळाला. ज्याच्या हातात संकेतस्थळ गेलं, त्याला तिथला आकडाही बदलता येतो. म्हणून मोठी वितरणं आकड्यांच्या यादीवर आपल्या गुप्त किल्लीने डिजिटल सही करतात आणि ती सही जीपीजी या साधनाने पडताळता येते. घरच्या मशीनला आकडा पुरे. पण सोसायटीचे हिशेब, दवाखान्यातल्या नोंदी, विद्यार्थ्यांची माहिती ज्या मशीनवर राहणार आहे, तिथे सहीसुद्धा तपासावी.

फाइल हाती आली की लिहिण्याची पाळी, आणि तिथे आडवं यायचं भारनियमन. त्या दशकात मुंबई शहर त्यातून वगळलेलं होतं, पण महावितरणच्या हद्दीतल्या आपल्या गावांमध्ये रोज काही तास वीज जायची. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीचं काम अर्ध्यावर तुटलं की ती फेकायचीच. सीडी रायटरमध्ये लेझर किरण आतल्या कडेपासून बाहेरच्या दिशेने सर्पिल रेषेत सरकत जातो आणि रंगद्रव्याचा पातळ थर जागोजागी भाजून खुणा उमटवतो. भाजलेलं पुन्हा कोरं करता येत नाही. २००० साली सान्योने आणलेल्या बर्न-प्रूफ तंत्रामुळे संगणकाकडून डेटा यायला उशीर झाला तर रायटर थांबून पुन्हा तिथूनच सुरू करू लागला. ते तंत्र वीज गेल्यावर मात्र काही करू शकत नाही. घरातला इन्व्हर्टर बहुधा पंखे आणि ट्यूबलाइटला जोडलेला असे, पीसीला नव्हे. साधा छोटा यूपीएस मात्र यासाठी पुरेसा होता. एक पट वेग म्हणजे सेकंदाला १५० केबी, त्यामुळे सोळा पट वेगाने भरलेली सीडी पाच मिनिटांत लिहून होते आणि आठ पट वेगाने दहा मिनिटांत.

वेगाबद्दल सगळेच सांगायचे, सावकाश लिहा. या सल्ल्याचं कारण मात्र क्वचितच सांगितलं जायचं. ५२ पट वेगाने डिस्क गरगर फिरते, लेझरला प्रत्येक खुणेसाठी फार कमी वेळ मिळतो आणि खुणेच्या कडा ढिल्या पडतात. सीडीवर चूक-दुरुस्तीची माहिती भरपूर असते, त्यामुळे लिहिणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती व्यवस्थित वाचली जाते. पण इन्स्टॉल करायचं ते दुसऱ्या, बहुधा जुन्या मशीनवर, ज्याच्या ड्राइव्हचं भिंग धूळ खाऊन मंद झालेलं. तिथे त्याच सीडीवर वाचनाच्या चुका येऊ लागतात. गाणी असतील तर एक खरखर ऐकू येते आणि पुढे जातं. लिनक्सच्या लाइव्ह सीडीवर, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या सीडीवर, सगळी प्रणाली आवळून एकाच मोठ्या फाइलमध्ये ठेवलेली असते, तिथे एक सेक्टर वाचता आला नाही की सगळंच अडतं. पडद्यावर उमटणारी 'स्क्वॉशएफएस एरर' किंवा 'बफर आय/ओ एरर' ही ओळ बघून घाबरायला होतं. तिचा साधा अर्थ एवढाच की डिस्कवरचा एक तुकडा वाचता येत नाही. पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूचा परावर्तित प्रकाश तर आणखी क्षीण, त्यामुळे जुने ड्राइव्ह तिला ओळखतच नसत. यावरून मला पटलेला नियम : चांगल्या प्रतीची सीडी-आर, सोळा किंवा आठ पट वेग, आणि लिहिताना मशीनवर दुसरं काम नको. फार कमी वेग मात्र फायद्याचा नाही. वेगवान लेखनासाठी बनवलेल्या डिस्कवर दोन-चार पट वेगाने लिहिलं तर निकाल उलट बिघडतो.

कोऱ्या सीड्या पन्नासच्या डब्यात मिळत. मोसर बेअर ही भारतीय कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या डिस्क-उत्पादकांपैकी एक होती, पण दुकानात तिच्याशेजारी नाव नसलेल्या स्वस्त डिस्कही असायच्या. फरक कळायचा तो वर्ष-दोन वर्षांनी. सीडीबाबत एक गैरसमज अजूनही ऐकू येतो, की चमकती बाजू जपायची आणि वरच्या बाजूला काही झालं तरी चालतं. उलट आहे. खालच्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचं प्लॅस्टिक संरक्षण देतं. माहितीचा थर वरच्या रंगाच्या अगदी लगेच खाली असतो. बॉलपेनाने दाबून 'उबुंटू' असं नाव लिहिलं की त्याच अक्षरांखालचे सेक्टर जातात.

लिहिलेली डिस्क पडताळण्याबाबत एक बारकावा जाणकारांनाही चकवतो. डिस्क पुन्हा वाचून तिचा आकडा काढला तर कधी कधी तो जुळत नाही, आणि तरीही डिस्क ठणठणीत असते. 'ट्रॅक ॲट वन्स' पद्धतीने लिहिताना ट्रॅकच्या शेवटी जोडणीचे दोन निरुपयोगी ब्लॉक पडतात. ड्राइव्ह ते वाचायला जातो, चूक येते आणि हिशेब बिघडतो. 'डिस्क ॲट वन्स' पद्धतीने लिहिलं तर हे होत नाही. नाहीतर इमेजच्या आकाराएवढेच बाइट वाचून आकडा काढायचा. त्याहून सोपा मार्ग वितरणांनीच दिलेला आहे. फेडोराच्या डिस्कवर सुरुवातीलाच 'टेस्ट धिस मीडिया' हा पर्याय असतो, आणि जुन्या उबुंटूच्या मेनूत 'चेक डिस्क फॉर डिफेक्ट्स' होता. २०.०४ पासून उबुंटू ही तपासणी आपणहून करतं. घाईत लोक ती कंट्रोल-सी दाबून टाळतात. टाळू नये.

ज्यांच्याकडे रायटर नव्हता किंवा इंटरनेट नव्हतं, त्यांच्यासाठी दुसरे रस्ते होते. 'पीसीक्वेस्ट'ने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून अंकाबरोबर लिनक्सच्या सीड्या दिल्या. २००३ मध्ये 'लिनक्स फॉर यू' हे खास मासिक निघालं. मुंबईतल्या लिनक्स वापरकर्त्यांच्या गटातून सीड्या हातोहात फिरायच्या. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, सुट्या भागांबरोबर सीडीही आणायची, ही डोंबिवलीकरांची ओळखीची वाट. आणि उबुंटूची शिपइट योजना तर थेट घरी पाकीट पाठवायची, पैसे न घेता. २०११च्या एप्रिलमध्ये ती बंद झाली. या पाकिटातल्या सीड्यांनी पहिल्याच झटक्यात मशीन सुरू झाल्याच्या आठवणी अनेकजण सांगतात, आणि त्याला कारण आहे. त्या कारखान्यात साच्याने दाबलेल्या सीड्या होत्या, रंगद्रव्यावर भाजलेल्या नव्हत्या. वाचायला सोप्या आणि लिहिण्याची चूकच नाही. तेच लिनक्स, तेच मशीन, फक्त डिस्क नीट लिहिलेली. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा नाही.

पुढे इमेज मोठ्या होत गेल्या. उबुंटूने २०१२च्या ऑक्टोबरात १२.१० आवृत्तीपासून सीडीची मर्यादा सोडली. २४.०४ची डेस्कटॉप इमेज साडेपाच जीबीच्या वर आहे, म्हणजे साध्या एकपदरी डीव्हीडीवरही ती मावत नाही. मोसर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अवसायनात गेली. लॅपटॉपमधून डिस्क ड्राइव्ह गेला. शंभर एमबीपीएसच्या फायबरवर तीच साडेपाच जीबीची फाइल आठ-नऊ मिनिटांत येते. सगळा भार आला पेन ड्राइव्हवर.

पेन ड्राइव्ह ही सीडी नव्हे. बायॉस तिला हार्ड डिस्क समजतं आणि सतराव्या सेक्टरऐवजी अगदी पहिल्या सेक्टरमध्ये बूट-नोंद शोधतं. मग एकच इमेज दोन्हीकडे कशी चालेल? इथे १९८८चे ते सोळा मोकळे सेक्टर कामाला आले. ३२ केबीची ती जागा सीडीच्या मानकाने कोणासाठीच राखून ठेवलेली नव्हती. सिसलिनक्स या प्रकल्पातल्या 'आयसोहायब्रिड' साधनाने तिथे हार्ड डिस्कसारखी बूट-नोंद भरली. सतराव्या सेक्टरवरची नोंद जागेवर राहिली. इमेज सीडीवर लिहा किंवा जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर उतरवा, दोन्हीकडे मशीन सुरू होतं. संगणकाच्या इतिहासातल्या सुंदर जुळवणींपैकी ही एक आहे असं मला मनापासून वाटतं. आज जवळपास सगळ्या मोठ्या वितरणांच्या इमेज अशा दुहेरी असतात.

म्हणून पेन ड्राइव्हसाठीही मूळ तत्त्व तेच : इमेज बाइटला बाइट उतरवायची. लिनक्सवर डीडी ही आज्ञा ते करते, पण ती काही विचारत नाही. पेन ड्राइव्हच्या एसडीबी या नावाच्या जागी एसडीए टाइप झालं तर पेन ड्राइव्हऐवजी आपली हार्ड डिस्क पुसली जाते. नवख्या माणसाने बलेना एचर वापरावं, ते हार्ड डिस्क सहसा यादीत दाखवत नाही आणि लिहून झाल्यावर वाचून पडताळतं. विंडोजवर सर्वांत जास्त चालतं ते रुफस. दुहेरी इमेज दिसली की ते विचारतं, आयएसओ पद्धतीने लिहू की डीडी पद्धतीने. पहिली पद्धत पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून त्यावर फायली मांडते. ती बहुतेक वेळा चालते आणि उरलेली जागा वापरता येते. मात्र फॅट-३२ फाइल प्रणालीवर सिम्बॉलिक लिंका ठेवता येत नाहीत आणि ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. विनरारवाल्या सीडीचा जुना आजार इथे थोड्या सौम्य रूपात परत येऊ शकतो. युनेटबूटिनही याच जातीचं, आणि डेबियनवाल्यांनी त्याच्याबद्दल पूर्वीपासून सावध केलं आहे. मला विचाराल तर डीडी पद्धत. ती वापरल्यावर विंडोजमध्ये पेन ड्राइव्ह लहान दिसू लागते किंवा 'फॉरमॅट करा' असा निरोप येतो. घाबरून होय म्हणू नये, लिहिलेलं सगळं जाईल. काम संपल्यावर विंडोजच्या डिस्कपार्ट साधनातली 'क्लीन' आज्ञा पूर्ण जागा परत देते.

२०२० मध्ये आलेल्या व्हेंटॉयने मात्र चक्रच उलटं फिरवलं. पेन ड्राइव्ह एकदा व्हेंटॉयने तयार केली की आयएसओ फाइल तिच्यावर साधी कॉपी करायची. एक्सपीच्या काळातली ती चूक आता बरोबर ठरली, कारण फाइलच्या पोटातली बूट-नोंद शोधून काढण्याचं काम व्हेंटॉय करतं. पाच-सहा वितरणं एकाच ड्राइव्हवर घेऊन फिरणाऱ्या क्लासवाल्यांना आणि दुरुस्तीवाल्यांना हे सोयीचं आहे. पहिल्यांदाच एकच मशीन बदलणाऱ्याला त्याची गरज नाही.

स्टेशनबाहेर स्वस्तात मिळणाऱ्या पेन ड्राइव्हपासून मात्र जपायला हवं. वर ६४ जीबी छापलेलं आणि आत खरी चिप ८ जीबीची, असे प्रकार सर्रास होतात. तिच्यातला कंट्रोलर खोटा आकार सांगतो आणि खरी जागा संपली की पुढचा डेटा कुठेच लिहिला जात नाही. एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री ही साधनं पूर्ण ड्राइव्ह भरून आणि परत वाचून खरं-खोटं दाखवतात. नवी पेन ड्राइव्ह आणली की आधी हे.

हा सगळा विषय आज पुन्हा घरोघर आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. वागळे इस्टेटमधली छोटी ऑफिसं, कल्याणचे क्लास, डोंबिवलीतल्या सोसायट्यांची कार्यालयं, शाळांच्या प्रयोगशाळा इथे आठ-दहा वर्षांची, नीट चालणारी मशीन आहेत. ती भंगारात घालणं मला मान्य नाही. एसएसडी बसवलेल्या अशा मशीनवर लिनक्स अजून बरीच वर्षं सुखाने चालेल.

या मशीनांवर मात्र सीडीच्या काळात नसलेली आणखी काही दारं आहेत. २०१२ पासून, विंडोज ८ बरोबर, सिक्युअर बूट आलं. ते चालू असलं की बायॉसच्या जागी आलेलं यूईएफआय फर्मवेअर सही नसलेलं बूटलोडर सुरू करत नाही. उबुंटू, फेडोरा, मिंट आणि २०१९च्या आवृत्तीपासून डेबियन यांचं 'शिम' हे सुरुवातीचं बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या सहीचं असतं, त्यामुळे सिक्युअर बूट बंद करण्याची गरज सहसा पडत नाही. यूट्यूबवरचे व्हिडिओ ते आधी बंद करायला सांगतात, तो सल्ला जुना झाला. विंडोज सोबत ठेवायचं असेल तर बिटलॉकर हे डिस्क कुलूपबंद करणारं साधन चालू आहे का ते बघावं आणि त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्यावी. नाहीतर फर्मवेअरमधला बदल झाल्यावर विंडोज ती मागत बसतं. 'फास्ट स्टार्टअप' बंद करावं, कारण तेव्हा विंडोज खरं बंद होतच नाही, अर्धं झोपतं. आणि पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू केल्यावर डेलवर एफ-१२, एचपीवर एफ-९ अशी बूट मेनूची कळ दाबावी. मेनूत पेन ड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं तर 'यूईएफआय' लिहिलेलं निवडावं.

मराठीत हे शिकायची सोय किती आहे? आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सवरचे पाठ मराठी निवेदनात दिले, आणि ते घरी बसून एकट्याने बघण्यासाठी आखलेले आहेत. सी-डॅकचं बॉस लिनक्स २००७ पासून भारतीय भाषांसह येतं. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी आहे, पण ग्राफिकल इन्स्टॉलर निवडला तरच, कारण साध्या टेक्स्ट पडद्यावर देवनागरी उमटत नाही. लिनक्स वापरायला शिकवणारं मराठी साहित्य असं मिळतं. लिनक्स मशीनपर्यंत सुखरूप पोहोचवायला शिकवणारं फारच थोडं, आणि इमेज तपासून लिहिणं हा तर त्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. हा धडा पहिला असायला हवा. शाळांमधल्या संगणक शिक्षकांनी तो प्रात्यक्षिक म्हणून घ्यावा. फाइल उतरवणं, आकडा जुळवणं, लिहिणं, पुन्हा पडताळणं आणि मशीन सुरू करणं हे सारं दोन तासिकांत बसतं, आणि सेक्टर म्हणजे काय, बूट म्हणजे काय हे हातांनी कळतं.

राहिली ती खरोखर जुनी मशीन, ३२ बिटांची, ज्यांचं बायॉस यूएसबीवरून सुरूच होत नाही. त्यांच्यासाठी सीडी अजून लागते. उबुंटूने ३२ बिटांची डेस्कटॉप इमेज २०१७ मध्येच बंद केली. २०२५च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही ३२ बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. डेबियन १२ मध्ये तो आहे आणि त्याची नेटइन्स्ट इमेज ७०० एमबीच्या सीडीवर बसते. उरलेलं सगळं ती इंटरनेटवरून घेते, त्यामुळे केबलने जोडणी हवी. रॅम एक जीबीच्या आसपास असेल तर एलएक्सडीई किंवा एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप निवडावा. सीडी सोळा पट वेगाने लिहावी, आणि जमलं तर त्याच जुन्या मशीनच्या ड्राइव्हमध्ये वाचून बघावी, कारण शेवटी वाचायची आहे ती त्यालाच. डेबियन १२ची दीर्घ मुदतीची देखभाल जून २०२८ पर्यंत ठरलेली आहे, म्हणजे या मशीनांना तेवढी मुदत नक्की आहे.